जोडे शिवणारा विल्यम केरी
अर्थात कामधंद्यात घडलेला अंतःकरणाचा पालट

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींची अशी समजूत आहे की, अंतःकरणाचा पालट ही केवळ उपासनामंदिरात घडणारी गोष्ट होय. शेत, दुकान, कारखाना, सुताराची शाळा ही पोटाची सोय. तेथे देवाचे काय काम? रविवारी देवाचे घर आणि सोमवारपासून आपला धंदा, असे दोन वेगळे कप्पे करून आपण राहतो. परंतु पवित्र शास्त्रात हा भेद आम्हांस कोठे दिसत नाही. प्रभूने पेत्र व आंद्रिया ह्यांस जाळी टाकत असता बोलाविले, मत्तयाला जकातीच्या नाक्यावर बसलेला असता बोलाविले. प्रेषित पौल तंबू करून आपले पोट भरीत असे. आणि पेत्राला परराष्ट्रीयांविषयी जो मोठा दृष्टांत झाला, तो याफोत शिमोन चांभाराच्या घराच्या धाब्यावर झाला, हे आपल्यापैकी कित्येकांच्या ध्यानातही नसेल.

ह्या आठवड्यात आम्ही अशा एका मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो की, ज्याला देवाने कामाच्या पाटावर गाठले, कामातच शिकविले, आणि कामातच शेवटपर्यंत वापरले. तो मनुष्य विल्यम केरी होय. त्याचे नाव आपल्या लोकांस ऐकून ठाऊक आहे. परंतु त्याचे आयुष्य कसे गेले हे फार थोड्यांस ठाऊक आहे.

बाळपण व उमेदवारी

विल्यम केरी ह्याचा जन्म इंग्लंड देशात, नॉर्थॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात, 17 ऑगस्ट 1761 रोजी झाला. त्याचा बाप एडमंड हा विणकर होता. घरातच माग होता, आणि त्या मागावर कुटुंबाचा निर्वाह चाले. विल्यम सहा वर्षांचा असता बापास गावच्या शाळेत शिक्षकाची व मंदिरात कारकुनाची जागा मिळाली. त्यामुळे मुलाला लिहिणे-वाचणे घरीच लाभले. झाडे, पक्षी व किडे गोळा करून त्यांचे निरीक्षण करण्याचा त्याला मोठा नाद होता, आणि हाती घेतलेले काम अर्धवट सोडायचे नाही हा त्याचा स्वभाव लहानपणीच दिसू लागला होता.

बारा वर्षांचा झाल्यावर त्याला शेतमजुरीस घातले. परंतु त्याच्या कातडीला ऊन सोसत नसे. उन्हात काम केले की रात्री तोंडाची व हातांची आग होई. तेव्हा सावलीत बसून करण्याचा धंदा शोधणे भाग पडले, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास पिडिंग्टन गावच्या क्लार्क निकोल्स नावाच्या जोडे करणाऱ्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला. मनुष्याला जी अडचण वाटते तीच पुष्कळदा देवाची वाट असते. ऊन सोसले असते तर केरी बहुधा नांगराच्या मागेच राहिला असता.

त्या दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा एक उमेदवार होता. तो सरकारी मंडळीबाहेरच्या, डिसेंटर म्हणविल्या जाणाऱ्या गरीब पण भाविक लोकांपैकी होता. केरी कारकुनाचा मुलगा. आपण मोठ्या मंडळीचे, हे लोक हलके, असा त्याला ताठा होता. कातडे कापता कापता दोघांचे वाद होत. केरी बोलण्यात तरबेज असल्यामुळे बहुधा शेवटचा शब्द त्याचाच राही. परंतु वाद जिंकून तो उठे तेव्हा त्याच्या मनात मात्र अस्वस्थता राही. तोंड जिंकत होते आणि अंतःकरण हरत होते. आपल्या उपदेशकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जॉन वॉर ह्याने केरीला वादात कधी हरविले नाही. त्याने आपल्या सोबत्यासाठी प्रार्थना केली, त्याला पुस्तके दिली, आणि रोज त्याच्या शेजारी बसून प्रामाणिकपणे आपले काम केले. मळ्यात किंवा कामावर आपल्या शेजारी बसणारा मनुष्य आपले तोंड थोडे ऐकतो आणि आपले हात फार पाहतो.

खोटे नाणे

आता जी गोष्ट सांगावयाची ती लहान आहे, परंतु केरीच्या आयुष्यातील पुढील सर्व मोठ्या गोष्टी तिच्यावर उभ्या आहेत. ती त्याने पुढे मोठेपणी स्वतःच कबूल करून लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळली.

त्या देशात नाताळच्या सणाला दुकानदारांनी उमेदवार मुलांस पोस्त देण्याची चाल होती. धन्याच्या कामासाठी फिरत असता केरी एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराकडे गेला. त्याने सहा पेन्सांचे नाणे आणि शिलिंग अशी दोन नाणी पुढे करून, कोणते हवे असे विचारले. मुलाने मोठे नाणे उचलले. पुढे दुसऱ्या दुकानात स्वतःसाठी काही वस्तू घेतल्या, तेव्हा कळून आले की तो शिलिंग खोटा आहे. दुकानदाराने थट्टा केली होती. आता वस्तू तर घेतलेल्या, आणि खिशात खरा पैसा पुरेसा नाही. धन्याचे पैसे जवळ होते. केरीने त्यांतील एक खरा शिलिंग काढून आपले देणे भागविले, आणि खोटा शिलिंग धन्याच्या पैशांत मिसळला. खोटे नाणे धन्याच्याच पैशांतले होते, असे सांगण्याचा त्याने निश्चय केला.

शेतांच्या वाटेने घरी परतताना त्याच्या मनात मोठी झुंज चालली. त्याने प्रार्थनाही केली! परंतु ती प्रार्थना कसली? देवा, मला क्षमा कर अशी ती नव्हती. एवढ्या वेळी मला निभावून ने, पुन्हा मी असे करणार नाही, अशी ती होती. बंधूंनो, ही प्रार्थना आपल्या ओळखीची नाही काय? पाप सोडण्याची तयारी नाही, केवळ उघडकीस येण्याची भीती आहे. आणि देवाला आपल्या लबाडीत भागीदार करून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

देवाने त्याला निभावून नेले नाही. हीच त्याची मोठी कृपा झाली. धन्याला संशय आला. त्याने दुसऱ्या उमेदवाराला त्या दुकानदाराकडे पाठविले, आणि तो खोटा शिलिंग आपणच त्या मुलाला दिला होता, असे दुकानदाराने सांगून टाकले. चोरी उघडी पडली. सर्व गावात आपली अपकीर्ती झाली असे मुलाला वाटले. रस्त्यात कोणी पाहिले की त्याला वाटे, हा मनुष्य माझ्याकडे चोर म्हणून पाहत आहे. काही काळ तो लाजेने मंदिरातही जाईना.

परंतु त्या लाजेतच त्याच्या ताठ्याचा अंत झाला. तोपर्यंत धर्म म्हणजे काही वाईट सवयी सोडणे, उपासनेला नियमाने जाणे आणि वादात जिंकणे, एवढेच तो समजत असे. आता त्याला दिसले की, विकार सवयीत नसून मुळात आहे. खोटे नाणे खिशात असण्यापूर्वी अंतःकरणात होते. खोट्या नाण्यावर वरून कितीही चकाकी दिली तरी ते चांदीचे होत नाही. ते वितळवून, त्याच्या जागी दुसरे खरे नाणेच पाडावे लागते. आपली धार्मिकता चकाकी देण्याचे काम करते. नवे नाणे पाडणे हे ख्रिस्ताचे काम आहे. पुढे हळूहळू, जॉन वॉर ह्याच्या संगतीत, प्रार्थनासभांत आणि वाचनात, केरीने आपला सर्व भरवसा तारणाऱ्यावर टाकला. 10 फेब्रुवारी 1779 रोजी राज्यात उपवास व प्रार्थनेचा दिवस नेमला होता. त्या दिवशी हॅकल्टन गावच्या गरीब डिसेंटर लोकांच्या सभेत ऐकलेल्या उपदेशाने त्याचा निश्चय झाला. लोकांनी तुच्छ मानलेल्या त्या मंडळीतच आपला वाटा, असे त्याने ठरविले. ज्यांना तो हलके म्हणत होता त्यांच्याच बाकावर तो आनंदाने जाऊन बसला. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नॉर्थॅम्प्टन येथील नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

रापी, आरी व ग्रंथ

अंतःकरण पालटले म्हणून धंदा सुटला नाही. निकोल्स मरण पावल्यावर केरी हॅकल्टन येथे टॉमस ओल्ड ह्याच्याकडे कामाला राहिले. 1781 साली डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचे लग्न झाले. तिला आपली सहीही करता येत नव्हती. 1783 साली ओल्ड वारला, तेव्हा त्याच्या दुकानाचा व कर्जाचा भार केरींच्या अंगावर आला. मंदी होती. पहिली मुलगी तापाने दगावली. केरी स्वतः आजारी पडले. जोडे विकण्यासाठी त्यांस गावोगाव पायी फिरावे लागे.

अशा स्थितीत ते शिकले. निकोल्सच्या दुकानात असताना एका जुन्या टीकेच्या पुस्तकात त्यांस ग्रीक अक्षरे आढळली होती. ती कागदावर उतरवून त्यांनी आपल्या गावच्या एका शिकलेल्या विणकराकडून समजून घेतली होती. तेव्हापासून पाटावर कातड्याच्या शेजारी एक पुस्तक उघडे असे. दोरा ओढावा, एक ओळ वाचावी, टाका घालावा आणि ती ओळ मनात घोळावी, अशा रीतीने त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच भाषा हस्तगत केल्या. टॉमस स्कॉट नावाचे प्रसिद्ध शास्त्रटीकाकार ओल्डच्या घरी येत असत. त्या दुकानालाच ते पुढे केरींचे विद्यालय म्हणू लागले.

1785 साली केरी मोल्टन गावी शाळा चालवू लागले, आणि 1787 साली तेथील लहान मंडळीचे पाळक झाले. मंडळी गरीब, शाळेची फी तुटपुंजी, म्हणून जोडे करणे चालूच राहिले. दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवून त्यांनी जगाचा मोठा नकाशा केला होता. त्यावर प्रत्येक देशाची वस्ती व धर्म ते टिपून ठेवीत, आणि टाके घालताना नजर वर करून त्या देशांसाठी प्रार्थना करीत. 1792 साली त्यांनी एक लहान पुस्तक प्रसिद्ध करून, सर्व राष्ट्रांस शुभवर्तमान सांगण्याचे प्रभूचे फर्मान आजच्या मंडळीवरही बंधनकारक आहे, असे दाखवून दिले. त्याच वर्षी 2 ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घराच्या मागल्या खोलीत थोडे पाळक जमले, आणि 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढ्या वर्गणीवर मिशनरी संस्था स्थापन झाली. गरीब मंडळ्यांनो, हा आकडा विसरू नका.

निळीचा कारखाना आणि घरचे दुःख

11 नोव्हेंबर 1793 रोजी केरी कलकत्त्यास पोहोचले. बरोबर डॉक्टर जॉन टॉमस, पत्नी डॉरोथी, तिची बहीण व चार मुलगे होते. पैसे लवकरच संपले. सुंदरबनातील दलदलीत काही महिने काढल्यावर 1794 साली त्यांस मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. महिना दोनशे रुपये पगार ठरला. त्याबरोबर त्यांनी इंग्लंडास कळविले की, आता आपला निर्वाह आपण करू. तुमचा पैसा दुसऱ्या कामी लावा. दिवसा नीळ, हौद, मजूर व हिशेब. सकाळ-संध्याकाळ बंगाली भाषा व शास्त्राचे भाषांतर. कारखान्याच्या मजुरांबरोबर बोलूनच ते गावची भाषा शिकले.

येथे आम्हांस एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. थोर मनुष्यांच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळण्याची चाल आहे. ती आम्हांस योग्य वाटत नाही. डॉरोथी ह्या देशात यावयास प्रथम तयार नव्हती. शेवटल्या घटकेला, बहीण सोबत येते म्हणून ती निघाली. परका देश, ताप, हगवण आणि दारिद्र्य ह्यांनी ती खचली. 1794 साली पाच वर्षांचा पीटर मरण पावला. त्याला पुरण्यासाठीही माणसे मिळणे कठीण झाले. त्यानंतर डॉरोथीच्या बुद्धीला जो भ्रम झाला तो 1807 साली तिच्या मृत्यूपर्यंत राहिला. एका खोलीत पत्नीचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत भाषांतर, असे दिवस केरींनी काढले. ते तिला सोडून गेले नाहीत, तिच्यावर रागावून कठोर झाले नाहीत. तथापि, तिच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबावयास हवे होते की नाही, हा प्रश्न प्रामाणिक वाचकाच्या मनात राहतो, आणि तो राहावा. मुलांस शिस्त लावण्यातही केरी सौम्यपणामुळे कमी पडले. ते काम पुढे त्यांच्या सोबत्यांनी पुष्कळ अंशी केले. उपदेशक बंधूंनो, गावोगाव फिरून वचन सांगणाऱ्याच्या घरी कोणी एकटे रडत आहे काय, हे त्याने आधी पाहावे. घर हेही कामाचेच ठिकाण आहे, आणि तेथेही अंतःकरणाचा पालट दिसला पाहिजे.

श्रीरामपूर व सुतार कृष्ण पाल

10 जानेवारी 1800 रोजी केरी श्रीरामपुरास आले. हे आपल्या इकडील श्रीरामपूर नव्हे, तर कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठचे, त्या वेळी डॅनिश राज्यातले गाव. तेथे यहोशवा मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे छापखान्याचे जाणकार त्यांस मिळाले. तिघांनी एक घर, एक जेवण आणि एकच थैली ठेवली. ज्याची जी कमाई ती सर्वांची, असा नियम केला.

केरींस ह्या देशात येऊन सात वर्षे होत आली, परंतु एकाही हिंदी मनुष्याचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झाला नव्हता. मग त्या वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाचा एक सुतार घसरून पडला व त्याचा खांदा निखळला. डॉक्टर टॉमस ह्यांनी तो खांदा बसविला, आणि त्याबरोबर पापाचा रोग व तारणारा वैद्य ह्यांविषयी त्याला सांगितले. वेदना शमल्या, पण ते बोलणे त्याच्या मनातून गेले नाही. तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. काही दिवसांनी तो मिशनरी कुटुंबाबरोबर एका मेजावर जेवला, आणि त्याने जातीचे बंधन तोडले. जातवाल्यांनी त्याला धरून ओढीत अधिकाऱ्यापुढे नेले, परंतु तो ढळला नाही. 28 डिसेंबर 1800 रोजी केरींनी आपला थोरला मुलगा फीलिक्स व कृष्ण पाल ह्या दोघांस हुगळीत बाप्तिस्मा दिला. पाहा, एका कामकऱ्याचा निखळलेला खांदा हेच देवाने दार केले! पुढे हाच सुतार उपदेशक झाला, आणि 1822 साली मरेपर्यंत त्याने प्रभूची सेवा केली.

ह्या नव्या मंडळीत प्रभुभोजनाचा एकच पेला ठेवावा, ब्राह्मण व शूद्र ह्यांनी तोच ओठांस लावावा, असे केरी व त्यांच्या सोबत्यांनी प्रथमपासून ठरविले. 1803 साली गोकुळ नावाचा बंधू वारला, तेव्हा त्याची पेटी मार्शमन, फीलिक्स केरी, ब्राह्मण कुळातला एक बंधू आणि मुसलमान कुळातला एक बंधू अशा चौघांनी खांद्यावर नेली. पाहण्यास गाव लोटले होते. अंतःकरणाचा पालट म्हणजे काय, ह्याचा एवढा मोठा उपदेश कोणी तोंडाने केला नसता. आपल्या मंडळ्यांत जुन्या जातीच्या नावाने अजून वेगळ्या पंगती किंवा सोयरिकीचे रुसवे निघत असतील, तर त्या चौघांच्या खांद्यांकडे आपण पाहावे.

मराठी अक्षरे आणि छापखान्याची आग

1801 साली बंगाली नवा करार छापून तयार झाला, आणि त्याच वर्षी केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकविण्यास नेमले गेले. पुढे मराठी भाषाही त्यांच्याकडे आली. ज्यांनी महाराष्ट्र देशात पाऊल ठेविले नाही, त्यांनी वैजनाथ पंडिताच्या साह्याने आपली भाषा शिकून घेतली, हे आश्चर्य आहे. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण व मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान छापले गेले, 1810 साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि 1811 साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. ती भाषा आज आपल्याला ओबडधोबड वाटते. परंतु पायाचे दगड ओबडधोबडच असतात.

ह्या कामाची अक्षरे पाडणारा कारागीर पंचानन कर्मकार नावाचा होता. लोखंडावर एकेक अक्षर कोरून त्याने ठसे केले, आणि आपली विद्या आपला जावई मनोहर ह्याला शिकविली. खिळे ओतणारे, खिळे जुळविणारे, कागद करणारे, पुस्तके बांधणारे अशा अनेक हातांनी वचन देशभर गेले.

11 मार्च 1812 रोजी सायंकाळी छापखान्यास आग लागली. वॉर्डसाहेबांनी दारे-खिडक्या लावून घेऊन, वरून पाणी ओतून ती कित्येक तास कोंडून धरली. परंतु कोणीतरी खिडकी उघडली, वारा आत शिरला, आणि पाहता पाहता सर्व इमारत पेटली. सुमारे बाराशे रीम कागद, अनेक भाषांचे खिळे आणि केरींनी वर्षानुवर्षे खपून लिहिलेले व्याकरणांचे, कोशाचे व भाषांतराचे हस्तलेख जळाले. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन ह्यांनी जाऊन त्यांस ही बातमी सांगितली. संध्याकाळी परत येऊन त्यांनी ती राख पाहिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले.

खोट्या नाण्याच्या दिवसाशी ह्या दिवसाची तुलना करा. त्या दिवशी हरविण्यासारखे एक नाणे होते, आणि ते वाचविण्यासाठी मुलाने चोरी केली, लबाडी केली, देवाशी सौदा केला. ह्या दिवशी आयुष्याची कमाई राख झाली. तरी त्या मनुष्याने कोणास दोष लावला नाही, देवावर कुरकूर केली नाही. पुढील रविवारी शेहेचाळिसाव्या स्तोत्राच्या आधारे, शांत राहून देव हाच देव आहे हे ओळखावे, असा त्यांनी उपदेश केला. आणि एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना अधिक सोपी वाटते, असे म्हणून ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसले. राखेत पंचाननाचे ठसे व साचे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूचे नवे खिळे ओतण्यात आले. ही बातमी इंग्लंडात कळल्यावर सुमारे पन्नास दिवसांत दहा हजार पौंड जमले. परंतु आम्हांस पैशापेक्षा ती शांती मोठी वाटते. तो पालट एका दिवसाचा नव्हता. पाटावर, हौदावर, मुलाच्या कबरेवर आणि आजारी पत्नीच्या खाटेजवळ तो रोज थोडा थोडा घडत होता. खमीर एकदम पीठ फुगवीत नाही, पण थांबतही नाही.

शेवटची वर्षे

कॉलेजातला पगार पुढे महिना हजार रुपये झाला, तरी त्यातला लहानसा भाग घरखर्चाला ठेवून बाकी सर्व केरी सामाईक थैलीत टाकीत. 1818 साली श्रीरामपूरचे विद्यालय निघाले. 1820 साली त्यांच्या पुढाकाराने शेतकी व बागाईत मंडळ स्थापन झाले. कारण बियाणे, झाडे व जमीन हीही देवाच्याच राज्यातली आहेत, असे ते मानीत. एकदा गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत कोणा लष्करी अंमलदाराने, केरी पूर्वी जोडे करणारा होता ना, असे मुद्दाम ऐकू जाईल असे विचारले. केरींनी तत्काळ सांगितले की, जोडे करणारा नव्हे, केवळ जुने जोडे दुरुस्त करणारा. लाजेने मंदिर टाळणारा तो मुलगा आणि भर मेजवानीत आपला धंदा एक पायरी खाली सांगणारा हा वृद्ध मनुष्य, ह्या दोहोंमध्ये ख्रिस्ताची कृपा उभी आहे. मनुष्याने चोरीची लाज धरावी. कातड्याची, झाडूची किंवा विळ्याची लाज धरू नये.

सतीची चाल बंद करण्यासाठी ते पुष्कळ वर्षे झटत होते. 4 डिसेंबर 1829 रोजी तो कायदा झाला, आणि त्याच्या बंगाली भाषांतरासाठी तो 6 डिसेंबर रोजी, रविवारी सकाळी, केरींच्या हाती आला. त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि सूर्यास्तापर्यंत बसून भाषांतर पुरे केले; कारण एका दिवसाच्या विलंबाने किती विधवांचे प्राण जातील, हे सांगता येत नव्हते. त्या रविवारी त्यांची लेखणी हीच त्यांची उपासना होती.

9 जून 1834 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, श्रीरामपूर येथे ते प्रभूच्या ठायी झोपी गेले. आपल्या मागे कोणी आपल्याविषयी बोलू नये, तर आपल्या तारणाऱ्याविषयी बोलावे, असे ते एका तरुण मिशनऱ्यास सांगून गेले. कबरेच्या दगडावर नाव, जन्म व मृत्यू, आणि आपण निराधार पापी असून ख्रिस्ताच्या हातांवर पडलो आहो, अशा अर्थाच्या एका गीताच्या दोन ओळी, ह्यापलीकडे काही घालू नये, अशी त्यांची आज्ञा होती. आपल्या अंगी काही गुण असेलच तर तो चिकाटीने पाय रेटीत राहण्याचा, एवढेच ते मान्य करीत.

आपणांस बोध

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी थोड्यांस बहुत भाषा येतील, आणि थोड्यांच्या हातून कायदे बदलतील. परंतु खोटे नाणे प्रत्येकाच्या वाटेवर येते. दूध मापताना, रोजंदारीचे तास सांगताना, मंडळीच्या वर्गणीचा हिशेब लिहिताना, उधारी बुडविताना, ते आपल्या तळहातावर येऊन पडते. त्या घटकेस आपण कोणती प्रार्थना करतो, ह्यावरून आपले अंतःकरण कळते. निभावून ने, अशी की नवे कर, अशी?

उपदेशक बंधूंनी ही गोष्ट आपल्या लोकांस सांगताना जॉन वॉर ह्यालाही विसरू नये. त्याने कोणतेही पुस्तक लिहिले नाही, तो कोठल्या दूर देशी गेला नाही. तो आपल्या पाटावर बसून राहिला आणि शेजाऱ्यासाठी प्रार्थना करीत राहिला. त्याच्या शेजारी कोण बसला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या शेजारी वाफ्यात, भट्टीवर किंवा मोटारीच्या बाकावर कोण बसला आहे, हे आपल्याला तरी कोठे ठाऊक आहे?

ज्या प्रभूने स्वतः नासरेथात सुताराचे काम केले, तो आपल्या हातांचे काम व त्यामागील अंतःकरण ही दोन्ही शुद्ध करो, आणि सोमवारीही आपण त्याचेच आहो असे आपल्या शेजाऱ्यांस दिसो, अशी आमची त्याच्या चरणी प्रार्थना आहे. आमेन.